दातांवरून कूळ ठरते का?

कोनस या विषारी समुद्री गोगलगायींचे दात बागेतल्या गोगलगायीसारखे किसणीचे नसतात. कायटिनच्या पातळ पापुद्र्याची सुरळी करावी, तसा यांचा प्रत्येक दात पोकळ असतो. त्यातून भक्ष्याला विष टोचले जाते आणि दात एकदाच वापरला जातो. मासे, कृमी वा इतर गोगलगायी खाणाऱ्या जातींत त्याची लांबी, आकडे आणि दाते वेगवेगळे असतात.

जॉन टकर व मॅन्युएल टेनोरिओ यांनी २००९ सालच्या ग्रंथात शंखांबरोबर या दातांचाही आधार घेऊन कोनसचे कित्येक डझन वंश पाडले. शंखाच्या नक्षीपलीकडे पाहायला लावले, हे त्यांचे श्रेय नि:संशय मोठे.

पण दात नात्याबरोबर आहारही सांगतो, आणि ग्रंथाची कमकुवत बाजू इथेच आहे. कोनस मॅगस लहानपणी कृमी खातो, मोठेपणी मासे. आणि त्याच्या दातांचा आकारही बदलतो. केवळ दात पाहणारा या एकाच जातीला दोन गटांत टाकील! निकोला प्युयांद्र व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये डीएनएच्या आधारे चारच वंश मानले.

म्हणजे दात टाकाऊ ठरले का? नाही. ते साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. वर्गात चोचींचा पाठ घेताना हे जरूर सांगावे: चोचीवरून ससाणा घारीचा भाऊ वाटतो, डीएनएनुसार तो पोपटाला अधिक जवळचा आहे.