ऐकून आलेली माणसं

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव संपला की पुढचे आठ-दहा दिवस पुण्यात गाठीभेटींना एक ठरलेलं वळण लागतं. पहिला प्रश्न असतो, "यंदा कोणाकोणाला ऐकलंस?" याचं उत्तर नावांच्या यादीने देता येतं. दुसरा असतो, "कसं झालं?" इथे बहुतेकांचं भांडवल संपतं. "अप्रतिम", "काय सांगू तुला", "अंगावर काटा आला". एवढं झालं की खिशातून फोन निघतो. "थांब, ऐकवतोच." मग अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत, तीत निम्मा वेळ पुढच्या माणसाचं टक्कल, तबला खणखणीत आणि गळा कुठेतरी पत्र्याच्या डब्यात.

मैफल ऐकणं ही कला आहे हे आपण मानतो, 'कानसेन' हा शब्द कौतुकाने वापरतो. पण ऐकलेली मैफल दुसऱ्याला सांगता येणं हीदेखील तिच्याच जोडीची कला आहे, आणि तिच्या प्रकृतीबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते ती सध्या बरी नाही. मात्र ज्यांनी तिला आजारी पाडलं असं आपण समजतो ते आरोपी खरे नव्हेत.

ही कला किरकोळ नव्हे, हे आधी मान्य करू. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब 1946 पर्यंत होते, ध्वनिमुद्रण तोवर घरोघरी पोचलं होतं, तरी त्यांनी आपलं गाणं तबकडीवर येऊ दिलं नाही. म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीच्या मूळपुरुषाचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते दोनच वाटांनी: शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडून. गोविंदराव टेंबे भास्करबुवांच्या साथीला पेटी घेऊन बसत. 'माझा संगीत व्यासंग' वाचताना जाणवतं की हा माणूस गाण्यापासून हातभर अंतरावर होता. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या हिशेबाने केली, किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर तोल साधणारं. ती मांडणी पटो न पटो, पण ती ग्रंथालयात बसून सुचलेली नाही. वर्षानुवर्षं मैफली ऐकून, घरी येऊन त्यावर वाद घालून ती तयार झाली आहे.

याचा अर्थ जुने रसिक सगळे टेंबे-देशपांडे होते असा नव्हे. जुन्या आठवणींची पुस्तकं चाळा. निम्म्या ठिकाणी राग कोणता होता हेही सापडत नाही. सापडतं काय, तर खाँसाहेबांचा फेटा, त्यांचा राग (म्हणजे संताप), पहाटेची थंडी, यजमानांनी काढून दिलेली शाल आणि शेवटी "तसं गाणं पुन्हा होणे नाही". पुलंनी गायकांची व्यक्तिचित्रं लिहिली तेव्हा त्या लकबींमागे त्यांचा स्वतःचा पेटीवरचा हात आणि कान होता. त्यांच्यामागून आलेल्यांनी लकबी तेवढ्या उचलल्या. गाण्याऐवजी गवई सांगण्याची ही सवय आपल्याला लागली ती फोन यायच्या कितीतरी आधी. तेव्हा "मोबाईलने वाट लावली" हे म्हणणं अर्धवट आहे. मोबाईलने फक्त जे आधीच पातळ झालं होतं त्यात आणखी पाणी घातलं.

पण त्याने एक नवं केलं आहे, ते नीट पाहण्यासारखं आहे. अर्ध्या मिनिटात काय मावतं? सपाट तान मावते. तिहाई मावते. तबला-सतारीचे सवाल-जवाब मावतात, शेवटच्या अभंगाला धरलेला टाळ्यांचा ठेका मावतो, गायकाने मध्येच केलेला विनोद तर फारच छान मावतो. मावत नाही ती बढत. विलंबित एकतालाचं एकच आवर्तन कित्येकदा या अर्ध्या मिनिटाहून मोठं असतं. ज्या गोष्टीसाठी ख्यालगायन ख्यालगायन आहे, ती गोष्ट फोनच्या चौकटीत शिरतच नाही. परिणामी जो मैफलीला आला नव्हता त्याच्यापुढे ख्याल येतो तो तानांची बरणी म्हणून. हे गायकांना कळत नाही असं नाही. पस्तिशीतले काही गुणी गायक विलंबित लवकर आटोपून घाईघाईने द्रुताकडे निघालेले दिसतात, तेव्हा समोर उंचावलेल्या फोनांचा त्यात वाटा नसेल असं मला म्हणवत नाही. पूर्वी समेवर हात उंचावायचे, आता तानेच्या आधीच उंचावतात.

मग चांगलं सांगणं कसं असतं? दोन वर्षांपूर्वी महोत्सवाच्या आवारात, खाण्याच्या ठेल्यांजवळ, एक मुलगा आपल्या मित्राला मारवा सांगत होता. मित्र उशिरा पोचला होता. मुलगा म्हणाला, "अरे, त्याने सा दिलाच नाही. तंबोऱ्यात सा वाजतोय, आणि हा रिषभावर बसून. वाटायचं आता टेकेल, की पुन्हा धैवताकडे. शेवटी आला ना सा, तेव्हा माझ्या शेजारच्या काकांनी चक्क हुश्श केलं." मारव्यात पंचम नाही, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत ही त्याची दोन टेकणं, आणि षड्ज मुद्दाम जपून वापरायचा, हे पुस्तकात कोणालाही मिळेल. त्या मुलाने सांगितलं ते पुस्तकात नाही. नियम सगळ्यांना एकच, पण त्या संध्याकाळी त्या गायकाने तो किती ताणला आणि ऐकणाऱ्याच्या छातीवर त्याचं काय झालं, हे त्याने चार वाक्यांत मित्राच्या हातात ठेवलं. एकही विशेषण न वापरता. अमीर खाँसाहेबांची मारव्याची 1960 सालची तबकडी मी पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यातला तो संथपणा नेमका कशाने अस्वस्थ करतो ते मला त्या ठेल्याशेजारी जास्त उमगलं.

वर्तमानपत्रांनी ही जागा केव्हाच सोडली. रात्रीच्या मैफलीवर दोन दिवसांनी का होईना, पण जाणत्याने लिहिलेलं परीक्षण यायचं. लेखक कधी दुष्टपणाही करायचा. आता छायाचित्र येतं आणि त्याखाली तीच तीन-चार वाक्यं फिरून फिरून: रसिक मंत्रमुग्ध झाले, स्वरवर्षावात चिंब झाले, मैफल उत्तरोत्तर रंगत गेली. ही वाक्यं मैफलीच्या आदल्या दिवशीही लिहून ठेवता येतील. आणि वाईट असं, की रसिकही आता घरी येऊन याच भाषेत बोलतात. चिंब झालो म्हणतात.

याबाबतीत पॉप संगीताच्या चाहत्यांकडून शिकावं असं मला खरोखर वाटतं. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. आमच्या ओळखीतली पोरं जाऊन आली. त्यांच्या सांगण्यात तिकिटासाठीची ऑनलाइन रांग होती, लोकलची गर्दी होती, मनगटावरचे लुकलुकणारे पट्टे होते. पण त्याचबरोबर कोणतं गाणं कोणत्या क्रमाने झालं, पहिल्या दिवशी असलेलं कोणतं दुसऱ्या दिवशी गाळलं, हेही त्यांना मुखोद्गत होतं. या नेटकेपणाला आम्ही शास्त्रीयवाले पोरकटपणा म्हणतो. आमच्यातले किती जण यमननंतर काय झालं, बंदिश कोणती, ताल झपताल की रूपक, हे चार दिवसांनी सांगू शकतील? वहीत नोंद करणारे काही आहेत. त्यांची थट्टा होते. उद्याच्या अभ्यासकाला मात्र त्यांच्याच वह्या लागतील. "पूरिया धनाश्री. तबला वरचढ. गायकाने दोनदा मागे पाहिलं." एवढी ओळ पुरते. त्या दोनदा मागे पाहण्यात अख्ख्या मैफलीचं दुखणं आलेलं असतं.

साथसंगतीबद्दल तर कोणी बोलतच नाही. पेटीवाल्याने कुठे जागा सोडली, तंबोऱ्यावर मागे बसलेल्या शिष्येने वरचा स्वर धरून गुरूला कुठे सावरलं, हे सांगणारा विरळा. ध्वनिव्यवस्थेबद्दलही तेच. मोठ्या मंडपात तुम्ही गाणं ऐकता ते गळ्यातून नव्हे, स्पीकरमधून. ध्वनियंत्रणेपाशी बसलेला माणूस त्या संध्याकाळचा आणखी एक साथीदार असतो, आणि त्याने खर्ज फुगवला तर मंद्रातलं सगळं नक्षीकाम चिखल होतं. घरी येऊन आपण म्हणतो, आज आवाज लागला नव्हता. लागला असेल हो! तुमच्यापर्यंत पोचला नसेल.

वेळेचा मुद्दा सगळेच काढतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी घालणारे नियम 2000 साली आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या. वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळते, तेवढीच. 1953 साली सुरू झालेल्या सवाई महोत्सवाच्या जुन्या श्रोत्यांचं बोलणं म्हणून पहाटेवर येऊन थांबतं: भैरवीला उजाडलं होतं, चहा पिऊन थेट कामावर गेलो. ती हळहळ मला कळते. पण त्या बोलण्यात जागरणाचा पराक्रम किती आणि गाणं किती, हे एकदा तपासायला हवं. नुकसान झालं आहे ते वेगळ्याच ठिकाणी. ललत, भटियार हे राग मोठ्या व्यासपीठावरून हटले आणि दिवाळी पहाटच्या आश्रयाला गेले, जिथे त्यांना दहा मिनिटं मिळतात आणि मग नाट्यगीत सुरू होतं. याउलट दुपारी तीनला सत्र सुरू होऊ लागल्यामुळे मुलतानी, भीमपलास, पटदीप यांना हक्काची जागा मिळाली. हे कोणी सांगताना मी ऐकलं नाही. हळहळ सांगायला सोपी असते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ नाहीशी होत चालली आहे: पडलेल्या मैफलीचं वर्णन. पूर्वीचे श्रोते त्यात वस्ताद होते, कट्ट्यावर बसून नामवंतांचीही सालं काढायचे. आता गायक आणि श्रोता समाजमाध्यमावर एकमेकांचे मित्र असतात. मैफल संपायच्या आत गायकाला कौतुकाचे निरोप पोचतात, तो हात जोडल्याचं चिन्ह पाठवतो. यात उणं कोण बोलणार? शिकणारी मुलं तर मुळीच नाही, कारण उद्या त्याच व्यासपीठावर त्यांना बसायचं आहे. म्हणून ती बोलतात, पण जिना उतरताना, हळू आवाजात.

जिन्यातलं हे बोलणं मला अलीकडे सगळ्यात खरं वाटू लागलं आहे, आणि ते करणाऱ्यांत मुली जास्त आहेत. जुन्या बैठकींची जी वर्णनं आपण वाचतो ती बहुतेक पुरुषांनी लिहिलेली, कारण समोर बसलेलेही बहुतेक पुरुषच असायचे. गाणारी केसरबाई असो की मोगूबाई, सांगणारा बुवाच. परवा दादरला एका मैफलीनंतर गाणं शिकणाऱ्या दोघी माझ्यापुढे उतरत होत्या. एक म्हणाली, बाईंनी आज पांढरी चारऐवजी पाच घेतली म्हणून तार षड्जाला चिमटा बसत होता, आणि ते लपवायला त्या तिथे सारख्या मुरकी घेत होत्या. दुसरी म्हणाली, हो, पण मंद्रात उतरल्या तेव्हा पाहिलंस का, पेटी बंद करायला सांगितली. मी आत बसून दोन तास ऐकलं होतं. पेटी थांबल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढच्या मजल्यावर त्यांचं बोलणं तालमीच्या वेळेकडे वळलं आणि मीही पायऱ्यांकडे बघू लागलो.