सोबतीची कसोटी

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली निघाला. शीर्षककथेचा नायक जात लपवून रेल्वेत नोकरीला लागतो. सोबतचे लोक त्याला जीव लावतात. जात उघडी पडताच मारहाण होते. वाचवायला धावतो तो काशिनाथ, आपली जात न लपवता अपमानाशी झगडणारा.

क्वचित संवादांचे भाषण होते खरे. तथापि कथेचे बळ निराळेच आहे. सोबत्यांचा लोभ खोटा नव्हता, पण तो अज्ञानावर उभा होता. कचेरीत वा शाळेत एकत्र चहा पिणे सोपे असते. सारे ठाऊक असूनही, सहकाऱ्यावर हात उठताना जो मध्ये उभा राहतो, त्यालाच सोबती म्हणावे.