‘पाच टन’ म्हणजे नेमकं काय? माझ्याच एका तक्त्याची चिकित्सा

पीएच.डी.ला येऊ पाहणाऱ्या मित्रांनो, आज एका चुकीच्या तक्त्याबद्दल लिहितो. तक्ता माझाच आहे. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, तरी त्याच्यामुळे माझ्या मामांचा हात थोडक्यात वाचला. म्हणून त्याची चिरफाड करायला हवी.

मामांनी अमरावतीत एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. आत झोपायला बेड, छोटं किचन, पाण्याची टाकी, बॅटऱ्या असं सगळं बसवून रीतसर पासिंग करून घेतलं. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं तेव्हापासून हे वेड त्यांच्या डोक्यात होतं. जॅक कोणता घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात एम.एस्सी. फिजिक्स झालेला मीच. मी पाच जॅकचा तक्ता केला: किंमत, वजन, क्षमता. वर ‘एका टनाला किती रुपये’ असा एक हुशार कॉलमही टाकला. पाच टनांचा बॉटल जॅक पहिला आला. गाडी भरून चार टनांच्याही आत, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटलं.

मागच्या जुलैत लोणारला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. अमरावती-अकोला हायवे हा तोच, ज्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस विक्रम झाला. रस्ता झकास आहे, पण बाजूने ट्रक गेला की उभी गाडी हलते. म्हणून आम्ही एका फाट्यावरून गाडी आत घेतली, बांधाच्या कडेला. रात्री पाऊस पडून गेला होता. मी म्हटलं, “मामा, जमीन ओली आहे.” मामा म्हणाले, “काहून घाबरून रायला बे? पाच टनाचा हाय, हत्ती उचलते.” आणि तो आकडा त्यांना मीच दिला होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

चाक अर्धं बाहेर आलं होतं तेव्हा जॅकचा तळ एका बाजूने खचला, जॅक तिरपा झाला आणि एक्सल त्याच्यावरून घसरला. मामांनी जुन्या सवयीने स्टेपनी चेसिसखाली सरकवून ठेवली होती. गाडी तिच्यावर बसली. दोन बोटं सुजली, एवढ्यावर भागलं. जॅक मात्र ठणठणीत होता. सील फुटली नाही, रॉड वाकला नाही. म्हणजे पाच टन हा दावा खराच होता.

मग चुकलं कुठे?

आकडा कशाचा आहे?

जॅकवरचा टनांचा आकडा जॅकबद्दल असतो. जॅक सरळ उभा, खाली कडक सपाट पृष्ठभाग, भार मधोमध: या अटींमध्ये तो आकडा खरा. पेपर वाचताना आपण म्हणतो ना, निष्कर्ष वाचण्याआधी पद्धत वाचा, तसंच. मी फक्त निष्कर्ष उचलला आणि तो अशा ठिकाणी लावला जिथे त्याची एकही अट पूर्ण होत नव्हती. उचलण्याचं काम एकटा जॅक करत नाही. जमीन, जॅक, टेकू देण्याची जागा, गाडी आणि बाकीची तीन चाकं मिळून ते काम होतं. यातलं सगळ्यात कमजोर जे असेल, ती तुमची खरी क्षमता.

जमिनीचा हिशोब

हा हिशोब मी नंतर केला, आधी करायला हवा होता. आपल्याकडे जिनिंगजवळ, मार्केट यार्डाजवळ वजनकाटे आहेतच. गाडी प्रवासाला भरतो तशी भरून नेली. एकूण वजन 3,640 किलो. मग फक्त मागची चाकं काट्यावर घेतली: 2,180. अर्धे केले तर एका चाकावर 1,090, पण टाकी डावीकडे आहे, म्हणून 1,200 धरू. (पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते हलतंही. जॅक लावण्याआधी टाकी रिकामी करता आली तर उत्तम.)

जॅकचा तळ 11 बाय 11 सेंटिमीटर, म्हणजे 121 चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 10 किलो. आता आपली वऱ्हाडातली काळी कपाशीची माती. बांधकामाच्या पुस्तकांत ती कोरडी असताना सुरक्षित भार साधारण 15 टन प्रति चौरस मीटर धरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो. ओली झाली की त्याहून बरीच कमी. पुस्तकातल्या आकड्यात सुरक्षिततेची सूट धरलेली असते हे मान्य, पण आम्ही कोरड्या मातीच्या मर्यादेच्या सहापट दाब ओल्या मातीवर टाकत होतो. माती खचणारच होती.

जॅकखाली 40 बाय 40 सेंटिमीटरची फळी ठेवली तर तोच दाब पाऊण किलोवर येतो. फळी जाड हवी, निदान 5 सेंटिमीटर. पातळ असेल तर मधेच वाकते आणि भार पसरतच नाही. जॅक आणि फळीच्या मध्ये लोखंडी पत्रा असेल तर आणखी बरं. म्हणजे माझ्या तक्त्यात नसलेली एक बाभळीची फळी पाच टनांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची निघाली. आणि चिखल असेल तर फळीवरही भरवसा नको, गाडी हळूहळू कडक जागेपर्यंत न्या. टायर खराब होईल, होऊ द्या.

प्रकारांबद्दलचे समज

दुसरी चूक: सगळे जॅक मी एकाच मापाने मोजले. सिझर जॅकच्या स्क्रूवरचा ताण उंचीप्रमाणे बदलतो. हात जमिनीशी 45 अंशांत असतील तर ताण भाराएवढा; 15 अंशांत, म्हणजे जॅक जवळजवळ मिटलेला असताना, भाराच्या पावणेचार पट. पंक्चर गाडी खाली बसलेली असते, त्यामुळे सुरुवात नेमकी याच वाईट स्थितीत होते.

‘हायड्रोलिक भारी, स्क्रू जुनाट’ हेही अर्धवट. स्क्रू जॅक सोडून दिला तरी खाली येत नाही, कारण घर्षण त्याला धरून ठेवतं. असा स्वतःच अडणारा स्क्रू 50 टक्क्यांपेक्षा जास्त कार्यक्षम असू शकत नाही, हे बी.एस्सी.ला आपण गणित म्हणून सोडवलंय. जास्त घाम गाळावा लागतो, ती सुरक्षिततेची किंमत आहे. हायड्रोलिकमध्ये हात हलका लागतो, पण भार तेलावर आणि एका सीलवर उभा असतो. म्हणून कोणताही जॅक उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. गाडीखाली जायचंच असेल तर स्टँड हवा, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात तो.

स्टँडवरही आकडा बघून डोळे मिटू नका. अमेरिकेत हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने 2020 मध्ये 3 आणि 6 टनांचे स्टँड परत मागवले, कारण दात पूर्ण न अडकता स्टँड एकदम खाली येण्याचा धोका होता. बदली दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही परत मागवावे लागले. तेव्हा दात बसलेत का हे दरवेळी डोळ्यांनी बघा आणि खाली जाण्याआधी गाडीला बाहेरूनच एक धक्का द्या.

तिसरा समज: ‘गिअरमध्ये टाकली, आता हलत नाही.’ ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यातलं एक उचललं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं. गिअर तिथे काही धरून ठेवत नाही. हँडब्रेक लावा, आणि समोरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावाच.

नवीन तक्ता

आता माझ्या तक्त्यात टनांचा कॉलम शेवटी आहे. तो फक्त एकदा तपासायचा: एका चाकाच्या भाराच्या दुप्पट आहे ना, मग पुढे चला. त्याआधीचे कॉलम असे: मिटलेली उंची, पूर्ण उंची, तळाचं क्षेत्रफळ, माथ्याचा आकार एक्सलला नीट बसतो का.

मिटलेली उंची घरीच मोजा, तीही चाकातली हवा पूर्ण सोडून. भरलेल्या टायरवर एक्सलखाली आरामात जाणारा जॅक बसलेल्या टायरवर आत शिरतच नाही, असं आमच्या अंगणात दिसलं. दोन जॅक तिथेच बाद झाले. चेसिसखाली लावायचा असेल तर उंची आणखी जास्त लागते, कारण आधी पाटे सैल होतात आणि मग कुठे चाक सुटतं. शेवटी आम्ही रुंद तळाचा, तीन टनांचा बॉटल जॅक घेतला. म्हणजे आधीच्यापेक्षा दोन टनांनी ‘कमी’.

तुम्ही उद्या साहित्य समीक्षा लिहायला बसाल तेव्हा असेच सुबक तक्ते कराल. जे मोजलेलं सापडतं तेच कॉलम होतं, आणि जे कोणी मोजलं नाही ते आपल्या विचारातूनही गळतं. माझ्या तक्त्यात जमीन नव्हती, कारण जॅकच्या डब्यावर जमीन छापलेली नसते. तुमच्या तक्त्यात काय नाही, हे गाइडने विचारण्याआधी स्वतः विचारून बघा.

फळी आता गाडीत दाराशेजारीच असते. मामा तिला ‘तुही थिसिस’ म्हणतात.