'चालवून घेणे'ला इंग्रजीत काय म्हणतात?

डोंबिवली-कल्याणहून सकाळची फास्ट पकडणाऱ्यांच्या फोनमध्ये मालिका, क्रिकेट आणि शेअर बाजाराच्या जोडीला हल्ली आणखी एक प्रकार हमखास असतो : इंग्रजी शिकवणारे रील्स. एका मिनिटात पाच ईडियम्स. रोज दहा फ्रेजल व्हर्ब्ज. 'व्हेरी हॅपी म्हणू नका, त्याऐवजी हे म्हणा.' स्टेशनबाहेर पडलं की तेच आश्वासन स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांवर भेटतं. आपण सिनेमाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो. पण आपल्यातले अनेकजण कादंबरीपेक्षा जास्त वेळ ज्या मजकुराला देतात, त्याची समीक्षा सहसा होत नाही. ती व्हायला हवी, कारण इथे वाचणाऱ्याची नोकरी पणाला लागलेली असते.

या प्रकाराला मराठीत मोठी परंपरा आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' शंभरहून जास्त वर्षं जुनी. (मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर ते वेगळे.) आधी नियम, मग थोडे शब्द, मग वाक्यं, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. नंतर आलं दिल्लीच्या पुस्तक महलचं 'रॅपिडेक्स', साठ दिवसांच्या आश्वासनासह. जाहिरातीत कपिल देव. त्यात नियम मागे गेले आणि प्रसंग पुढे आले : पाहुणे आल्यावर काय बोलावं, दुकानात काय बोलावं. रील म्हणजे या प्रवासाची तिसरी पायरी. आता नियम गेला, प्रसंगही गेला. उरली ती नुसती यादी.

यादीचा पहिला दोष निवडीचा. तिथे चमकणाऱ्या गोष्टी आधी येतात. धो धो पावसाला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', सोप्या कामाला 'पीस ऑफ केक'. मुलाखत घेणारी बाई यातलं काही बोलत नाही. ती म्हणते, 'वॉक मी थ्रू युअर प्रोजेक्ट', 'व्हाय डिड यू ड्रॉप आउट?', 'वुई विल गेट बॅक टू यू'. शब्द सगळे पहिली-दुसरीतले, तरी समोरचा मुलगा गोंधळतो. सन २०००पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलानं किमान दहा वर्षं हा विषय शिकलेला असतो. त्याला 'पोस्टपोन' येतं, 'टॉलरेट' येतं. त्याच अर्थाचं 'पुट ऑफ' आणि 'पुट अप विथ' कानावर पडलं की तो अडतो. परीक्षेच्या आणि अर्जाच्या इंग्रजीला लांब शब्द आवडतात. बोलण्याचं इंग्रजी मात्र गेट, पुट, टेक, गो अशा छोट्या क्रियापदांवर चालतं.

दुसरा दोष जास्त गंभीर. यादी असं धरून चालते की शिकणाऱ्याची पाटी कोरी आहे. ती कोरी नसते. ब्रेकअप, बॅकअप, फॉलोअप, चेकअप, वर्कआउट, लॉकडाउन हे शब्द आपण रोज मराठीत वापरतो. हे सगळे मुळात फ्रेजल व्हर्ब्जच. फक्त मराठीनं ते नाम म्हणून घेतले आणि मागे 'करणे', 'होणे', 'घेणे' लावलं. 'त्यांचं ब्रेकअप झालं' यात कुणी कुणाला सोडलं ते सांगावं लागत नाही. 'शी ब्रोक अप विथ हिम' म्हणताना मात्र कर्ता द्यावा लागतो, काळ द्यावा लागतो आणि शब्दाचे दोन तुकडे करावे लागतात. शिकायचं असतं ते हे तुकडे करणं. शब्द तर आधीच घरात आहे.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. फ्रेजल व्हर्ब ही मराठी माणसाला परकी वाटायची गरजच नाही, कारण आपण दिवसभर तसंच बोलतो. 'लिहिणे' एक, पण लिहून काढ, लिहून ठेव, लिहून घे, लिहून टाक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या क्रियापदाला आणखी एक छोटा शब्द जोडून अर्थ वळवायचा, ही युक्ती दोन्ही भाषांत आहे. शोधून काढणे म्हणजे 'फाइंड आउट'. फाडून टाकणे म्हणजे 'टेअर अप'. पळून जाणे म्हणजे 'रन अवे'. भावनेच्या भरात वाहवत जाणे म्हणजे 'गेट कॅरीड अवे'. इथे तर दोन्ही भाषांतली प्रतिमाही एकच आहे. आणि चालवून घेणे, खपवून घेणे म्हणजे तेच 'पुट अप विथ'. बॉसचं वागणं आपण 'टॉलरेट' करतो हे वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्जातलं वाटतं. 'चालवून घेतो' यातला थकवा 'पुट अप विथ'मध्ये नेमका उतरतो.

अर्थात जोड्या लावून काम संपत नाही. मराठीतलं दुसरं क्रियापद बोलणाऱ्याची भावना सांगतं. 'मी हो म्हणून बसलो' यात पश्चात्ताप आहे. इंग्रजीतले अप, ऑफ, आउट हे बहुतेक वेळा दिशा किंवा कामाची पूर्तता सांगतात. त्यामुळे 'बसलो'मधला पश्चात्ताप इंग्रजीत वेगळा सांगावा लागतो. दुसरं म्हणजे जागा. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं : 'टर्न इट ऑफ'. 'फिल इट इन', 'पिक इट अप'. मराठी बोलणारा अडखळतो तो बहुतेकदा इथे, आणि यादीत हा नियम क्वचितच असतो. कारण यादी शब्द देते, वाक्य देत नाही.

आपल्या लोकलमधलंच उदाहरण घ्या. ठाण्याला उतरायचं असलं की आपण म्हणतो, 'आय विल गेट डाउन अ‍ॅट ठाणे.' रील सांगते : चूक, 'गेट ऑफ' म्हणा. का, ते सांगत नाही. मराठीत जिना, गाडी आणि रिक्षा तिन्हींतून आपण 'उतरतो', म्हणून 'डाउन' आलं. इंग्रजी वाहनं वेगळी मोजते : ट्रेन किंवा बसमधून 'गेट ऑफ', रिक्षा किंवा कारमधून 'गेट आउट ऑफ'. एवढं कळलं की पाठ करायला काही उरत नाही. आणि 'गेट डाउन'ची लाजही उरत नाही. डब्यात सगळ्यांना ते कळतं. परदेशी क्लायंटशी बोलताना तेवढं बदलायचं.

लाजेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण या साहित्याचं सर्वांत लाडकं वाक्य आहे : 'मराठीत विचार करणं सोडा, इंग्रजीत विचार करा.' ऐकायला आधुनिक वाटतं. पण ज्याला अजून इंग्रजी येत नाही त्यानं इंग्रजीत विचार कशानं करायचा? हा सल्ला शिकवत काहीच नाही. फक्त अपयशाचं खापर शिकणाऱ्याच्या मातृभाषेवर फोडतो. तर्खडकरांची पद्धत रटाळ होती, बोलायला तर ती कुणाला शिकवत नव्हती. पण तिच्या पायाशी एक सन्मान होता : विद्यार्थ्याला एक भाषा आधीच उत्तम येते, तिच्यावरून पुढे जायचं.

हा पाया या पट्ट्यात तर नक्कीच आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. २०१७मध्ये साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं. त्याच गावांत स्पोकन इंग्लिशचे क्लास भरलेले असतात. दोन्हीकडे जाणारी माणसं अनेकदा एकाच घरातली असतात. तरीही मराठीवाले इंग्रजीकडे संकट म्हणून पाहतात आणि क्लासवाले मराठीकडे अडथळा म्हणून. मधल्या मधे मुलाला दोन्ही भाषा अर्ध्या वाटतात.

या प्रकारातली चांगली रील कशी असेल? एकच क्रियापद घेणारी. समजा, 'टेक'. टेक डाउन म्हणजे लिहून घेणे, टेक बॅक म्हणजे शब्द मागे घेणे, टेक आउट म्हणजे बाहेर काढणे, टेक ओव्हर म्हणजे ताब्यात घेणे. मग प्रत्येकाचं एक असं वाक्य, जे बघणाऱ्यानं काल घरी मराठीत म्हटलं असेल, आणि त्यात 'इट' कुठे बसतं तेवढं दाखवणारी. तिला कदाचित कमी लाइक्स मिळतील. पण मुलाखतीत 'टेक धिस डाउन' ऐकल्यावर त्या मुलाचा हात आपोआप पेनाकडे जाईल.