धीट, पाठ आणि प्रसाद : लेखनाभ्यासाचे एक जुने पाठ्यपुस्तक

आमच्या तुडीलला, महाडच्या खाडीपट्ट्यात, लिहू पाहणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सुचतच नसेल, तर लिहिणे शिकता येते का?’ या प्रश्नाचे एक जुने उत्तर आमच्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाशी, वरंध घाटाखालच्या शिवथरघळीशी जोडलेले आहे. समर्थ रामदासांनी तेथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, ही परंपरा. ही जागा धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये शोधून काढली. दासबोध आपण परमार्थासाठी वाचतो. येथे मी तो लेखनाचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचतो आहे.

चौदाव्या दशकाच्या तिसऱ्या समासात कवित्वाचे तीन प्रकार येतात. मनात येईल ते जोडून टाकणे म्हणजे ‘धीट’. पुष्कळ वाचून त्याच धाटणीने रचणे म्हणजे ‘पाठ’. विरक्त, भगवंतात रमलेल्या अंतःकरणातून आपोआप उमटते ते ‘प्रासादिक’. समर्थांचा कौल तिसऱ्याला आहे. व्याख्यानांतून हा कौल एवढाच सांगितला जातो आणि ऐकणारा नवशिक्या मनात म्हणतो, ‘प्रसाद आपल्या नशिबी नाही.’

मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. त्याच समासात पुढे चांगल्या कवित्वाच्या लक्षणांची लांबलचक यादी आहे. रचना स्वच्छ असावी, अन्वय सहज लागावा, थोडक्यात पुष्कळ सांगावे, ऐकणाऱ्याला कळावे. सारे प्रसादावरच सोपवायचे होते, तर ही यादी कशासाठी? यांतले प्रत्येक लक्षण सरावाने साधण्यासारखे आहे.

शिवाय समर्थ स्वतः ‘पाठ’ केलेले लेखक होते. ग्रंथाच्या पहिल्याच समासात ते उपनिषदांपासून अनेक गीतांपर्यंत आधारग्रंथ मोजून दाखवतात. त्यांच्या हस्ताक्षरातली म्हणून ओळखली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. एवढे मोठे काव्य हाताने उतरवताना शब्द, लय, प्रसंगाची बांधणी हे सारे बोटांतून मनात उतरत असणार. ज्या ‘पाठा’ला समर्थ खालची पायरी देतात, तिच्यावरूनच ते वर गेले. येथे त्यांचे वर्गीकरण त्यांच्याच उदाहरणापुढे तोकडे पडते.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर थेट लेखनक्रियेवर आहे. आधी शिशाने रेघा आखाव्यात, ओळीला ओळ लागू नये. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सारे एकाच लेखणीने लिहिल्यासारखे दिसावे. भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर वाचते. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. हा उपदेश नकलकारासाठी आहे हे खरे. पण त्यामागची दृष्टी लेखकाची आहे. ती सतत वाचणाऱ्याकडे, आणि तोही पुढच्या काळातल्या, पाहते. शैली म्हणून आपण जे शिकवतो त्याचे मूळ मला या काळजीत दिसते.

आणि हे एका बैठकीत झालेले नाही. दासबोधाच्या लेखनाचा आरंभ परंपरेने १६५४ चा धरतात. सहाव्या दशकात मात्र कलियुगाची ४७६० वर्षे सांगितली आहेत, म्हणजे साधारण १६५९. वीस दशके, दोनशे समास, सुमारे पावणेआठ हजार ओव्या : हे ‘आपोआप’ वर्षानुवर्षे चाललेले होते.

म्हणून आमच्या मुलांना मी प्रसादाची वाट पाहायला सांगत नाही. आवडलेले एक पान हाताने उतरवून काढा, असे सांगतो. मग तेच पुस्तक मिटून आपल्या खाडीवरचे एक पान लिहा, आणि दुसऱ्या दिवशी ते अनोळखी माणसासारखे वाचा. पहिले पान बहुधा धीट असते, दहावे पाठ असते. पुढचे कोणते कसे उतरेल हे सांगता येत नाही. पण अकरावे लिहिल्याखेरीज ते कळत नाही, एवढे मात्र शिवथरच्या या ग्रंथावरून निश्चित म्हणता येते.