संगणकातले सिंगापूर आणि मरीन परेडचा समुद्र

सिंगापूर सरकारने 'व्हर्च्युअल सिंगापूर' या नावाने सबंध बेटाची त्रिमित प्रतिकृती संगणकात उभी केली. 2014 साली जाहीर झालेल्या या कामास 7 कोटी 30 लाख सिंगापूर डॉलर मंजूर झाले. सॉफ्टवेअर फ्रान्सच्या दासो सिस्टीम्सचे. कोणत्या छपरावर किती ऊन पडते, नवी इमारत उठली तर वारा कोठे अडतो, चाकाच्या खुर्चीला कोणती वाट सोयीची, हे तीत आधीच ताडून पाहता येते. काम खरोखर नामी आहे.

तरी मरीन परेडपुरते आम्हांस एक उणे वाटते. येथे 1966 पासून समुद्रात भराव पडला आणि 1970 नंतरच्या दशकात त्यावर सरकारी वसाहत उभी राहिली. जवळचा मेयर रोड पूर्वी किनाऱ्यालगत होता. तो ज्यांच्या नावाचा, त्या सर मनश्शे मेयर यांनीच 1905 चे खेसेद-एल सिनेगॉग बांधविले. आज त्या रस्त्यावरून समुद्र गाठायला चांगलेच चालावे लागते. प्रतिकृतीचा सारा भर मात्र आजच्या मोजमापावर. गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना ही उणीव चटकन जाणवते.

शिवाय 2023 साली जाहीर झालेल्या 'लाँग आयलंड' योजनेत याच किनाऱ्यासमोर सुमारे 800 हेक्टर नवी जमीन व्हायची आहे. चढत्या समुद्रापासून बचावासाठी ती हवीही असेल. पण ही प्रतिकृती मुख्यतः सरकारी खात्यांसाठी बनली. भराव पडण्याआधी बाराव्या मजल्यावरच्या आजीबाईंना आपल्या खिडकीतून पुढे काय दिसेल, ते स्वतःच्या हाताने फिरवून पाहता यावे, एवढी सोय तीत करावी.