उसन्या आवाजाचा धनी

बिली जोएलवर अमेरिकी समीक्षकांचा जुना आरोप आहे, की त्याला स्वतःचा आवाज नाही. एका गाण्यात तो पॉल मॅकार्टनीसारखा वाटतो, दुसऱ्यात रे चार्ल्ससारखा, तिसऱ्यात फ्रँकी व्हॅलीसारखा. हा आरोप त्याला इतका झोंबला, की एका काळात तो वर्तमानपत्रांतली परीक्षणं मंचावर नेऊन श्रोत्यांसमोर फाडत असे. गेली काही वर्षं मी त्याच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून क्रमाने ऐकतो आहे. आरोप खरा आहे, असंच माझं मत झालं. तो दोष आहे, हे मात्र मला पटेनासं झालं.

आपला कान भावगीतावर घडलेला. तिथे कवी एक, संगीतकार दुसरा. ‘गीतरामायण’ गदिमांनी लिहिलं, सुधीर फडक्यांनी त्याला चाली दिल्या. शब्द आधी, सूर मागाहून. जोएलच्या बाबतीत दोघे एकाच देहात आहेत आणि क्रम उलटा आहे. आधी पियानोवर चाल होते, मग तो तिच्यासाठी शब्द शोधत बसतो. त्याच्या यशापयशाचं बरंचसं मूळ या क्रमात आहे. ‘ॲलनटाउन’ (१९८२) या गाण्याची चाल त्याच्याकडे आधीपासून पडून होती. तेव्हा तिच्यावर शब्द होते ते लेव्हिटाउनचे, म्हणजे लाँग आयलंडवरच्या त्याच्या घराशेजारच्या एकसारख्या घरांच्या वसाहतीचे. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढे पेनसिल्व्हेनियातले पोलाद कारखाने बंद पडू लागले आणि त्या चालीला तिचं गाव सापडलं. बेकारीचं गाणं इतक्या उमेदीच्या चालीत का, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर हेच: चाल बेकारीच्या आधीची आहे. आणि गाण्यातली माणसंही अजून त्या जुन्या उमेदीच्या लयीतच चालताहेत. अपघाताने साधलेलं असेल, पण साधलं आहे.

त्याचा जन्म १९४९चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला, वाढला हिक्सव्हिलमध्ये. आजोबा कार्ल जोएल हे जर्मनीतले ज्यू व्यापारी. टपालाने कापड विकण्याचा त्यांचा मोठा धंदा नाझी राजवटीत, १९३८मध्ये, मातीमोलाने विकावा लागला. कुटुंब स्वित्झर्लंड, क्यूबा असं फिरत अमेरिकेत पोचलं. वडील उत्तम पियानो वाजवत. मुलगा लहान असतानाच ते घर सोडून युरोपात परतले आणि व्हिएन्नात स्थायिक झाले. मागे राहिला पियानो. मुलगा त्यावर अभिजात संगीत शिकला आणि सोळा-सतराव्या वर्षी रात्री बारमध्ये वाजवू लागला. अशाच एका रात्रीनंतर इंग्रजीची परीक्षा बुडाली आणि शाळेचं प्रमाणपत्र हुकलं. ते मिळालं १९९२मध्ये, तोवर तो जगप्रसिद्ध झाला होता. (प्रमाणपत्राविना अभ्यास करणाऱ्या आम्हा लोकांना असे तपशील जरा जास्तच आवडतात.)

१९७१ची पहिली ध्वनिमुद्रिका चुकीच्या वेगावर उतरवली गेली. आवाज मूळ पट्टीपेक्षा वर चढला, पातळ आणि पोरकट झाला. म्हणजे जगाने त्याला पहिल्यांदा ऐकलं तेही त्याचा नसलेल्या आवाजात! त्या करारातून सुटण्यासाठी तो लॉस एंजेलिसला गेला आणि ‘बिल मार्टिन’ या नावाने तिथल्या एका बारमध्ये सुमारे सहा महिने पियानो वाजवत राहिला.

‘पियानो मॅन’ (१९७३) तिथलंच. तीन मात्रांचा वॉल्ट्झ आहे. डाव्या हाताचा स्वर एकेक पायरी खाली उतरत येतो. कडवं आणि ध्रुवपद जवळजवळ एकाच स्वररचनेवर उभी आहेत, त्यामुळे गाणं पुढे सरकत नाही, गोल फिरत राहतं. हे मला आधी उणं वाटायचं. पण बारमधली रात्र अशीच असते. म्हातारा, बारवाला, कादंबरी लिहू पाहणारा जमिनींचा दलाल, नौसैनिक, वाढणारी मुलगी, एकेक जण येऊन आपलं सांगून जातो. वाजवणारा स्वतःबद्दल जवळपास काही बोलत नाही. शेवटी गिऱ्हाइकांनाच प्रश्न पडतो, की हा माणूस इथे काय करतोय? गाण्यात त्याचं उत्तर नाही.

बारमधला वादक फर्माईश होईल त्याच्या आवाजात गातो. तेच त्याचं काम. जोएलने ती सवय कधी सोडली नाही, आणि ती जिथे दुसऱ्या माणसापर्यंत पोचते तिथे त्याचं गाणं मोठं होतं. ‘गुडनाइट सायगॉन’ (१९८२) व्हिएतनामहून परतलेल्यांकडून ऐकून लिहिलेलं आहे. तो स्वतः युद्धावर गेला नव्हता. तिथला ‘आम्ही’ उसना आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्या गाण्यात शौर्य नाही, बाजू नाही; भीती आणि सोबत एवढंच आहे. ऐकणाऱ्याने ऐकलं तेवढंच सांगितलं आहे. उलट ‘वी डिडन्ट स्टार्ट द फायर’ (१९८९) पाहा. इथे शब्द आधी आले: १९४९पासूनच्या शंभराहून अधिक नावांची आणि घटनांची यादी. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण त्यात माणूस एकही नाही. चालीबद्दल तो स्वतःही नाक मुरडतो.

१९९३च्या ‘रिव्हर ऑफ ड्रीम्स’नंतर, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने नव्या गाण्यांचे संग्रह काढणं थांबवलं. पुढच्या तीस वर्षांत गाणी अगदी तुरळक. चाहत्यांनी याला आळस म्हटलं, समीक्षकांनी आटणं. गाण्याचे कार्यक्रम मात्र चालूच राहिले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं, महासाथीचा खंड वगळता, तो बहुधा दरमहा गायला. तिथे ‘पियानो मॅन’ला तो मध्येच थांबायचा आणि हजारो लोक ध्रुवपद गायचे. वादक गप्प, गिऱ्हाइकं गाताहेत.

चाली सुचणं थांबलं नव्हतं, हे २००१मध्ये कळलं. ‘फँटसीज अँड डिल्यूजन्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्याच्या पियानोरचना आहेत, शोपँच्या वळणाच्या आणि शब्दांविना. पुन्हा उसना आवाज, असं म्हणता येईल आणि म्हटलंही गेलं. मला त्यातल्या संथ रचना आवडतात. वेगाच्या रचनांत अभ्यास दिसतो. त्या त्याने स्वतः वाजवल्या नाहीत. ह्युंग-की जू या अभिजात वादकाकडून वाजवून घेतल्या, आणि ध्वनिमुद्रण केलं व्हिएन्नात, वडिलांच्या गावी.